घरचा वस्तरा : थोडा खर्च, पुष्कळ सावधगिरी

दर रविवारी सकाळी साडेआठच्या सुमारास अंबरनाथ पूर्वेतील आमच्या घराची बेल वाजे आणि दारात न्हावीकाका उभे असत. त्याआधीच अण्णा, म्हणजे माझे वडील, गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले असत. शेजारी गरम पाण्याचा तांब्या, खांद्यावर जुना पंचा. अण्णांची सारी नोकरी येथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत गेली. पोलादाची पारख असलेला हा माणूस गालावर वस्तरा फिरत असताना डोळे मिटून स्वस्थ बसे. दाढी झाली की तुरटीचा खडा फिरे, चेहऱ्यावरून थंड पाण्याचा हात फिरे आणि अण्णा दहा वर्षांनी तरुण होऊन चहाला येत.

मग न्हावीकाकांची दृष्टी मंदावली. त्यांनी धोकटी मुलाच्या स्वाधीन केली आणि ते गावी गेले. मुलाच्या दुकानात गर्दी असते, त्याला घरी येणे जमत नाही. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि ब्याऐंशी वर्षांच्या अण्णांना तीन जिने उतरवत नाहीत. आठवडा गेला, दुसरा गेला. व्हिडिओ कॉलवर नात विचारू लागली, “आजोबा आजारी आहेत का?” आजार काही नव्हता. वाढलेल्या दाढीच्या खुंटांनी चेहऱ्याला आजारपणाची कळा आणली होती. प्लॅस्टिकच्या दांड्याचा साधा रेझर आणून दिला, तो अण्णांनी एकदा वापरून बाजूला ठेवला. “हे खरवडणे झाले, दाढी नव्हे,” असे त्यांचे म्हणणे. अखेर वस्तरा शिकण्याचे मी ठरवले. त्या वर्षभराच्या अनुभवातून जे हाती लागले, ते येथे मांडत आहे. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबांना त्याचा उपयोग व्हावा, एवढीच अपेक्षा.

वस्तऱ्याचे दोन प्रकार

आपल्या बारा बलुतेदारांत न्हाव्याचे स्थान ठरलेले होते. श्मश्रूच्या मोबदल्यात त्याला सुगीला धान्य मिळे. वारकरी परंपरेतील संत सेना महाराज याच व्यवसायातील. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत किंग जिलेट यांनी बदलता येणाऱ्या पातळ पात्याचा रेझर बाजारात आणला आणि पुरुषाने स्वतःची दाढी स्वतः करण्याचा रिवाज हळूहळू जगभर रुजला. त्याआधी वस्तरा हेच प्रमुख साधन होते.

आज वस्तरा दोन प्रकारचा मिळतो. पहिला पारंपरिक, ज्याचे पोलादी पाते कायमचे असते. दर वेळी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून ते तयार करावे लागते आणि अधूनमधून दगडावर पाजळावे लागते. दुसरा आजच्या केशकर्तनालयांत दिसतो तो. त्याचा आकार वस्तऱ्याचाच, पण दाढीच्या साध्या दुधारी पात्याचे उभे दोन तुकडे करून त्यातला अर्धा भाग आत बसवतात व काम झाल्यावर फेकून देतात.

थोडक्या खर्चात आरंभ करावयाचा असेल तर दुसरा प्रकार घ्यावा. त्याला पट्टा लागत नाही, दगड लागत नाही आणि धार लावण्याची विद्याही शिकावी लागत नाही. आरोग्याच्या दृष्टीनेही दर वेळी नवे पाते हा त्याचा मोठा गुण. पारंपरिक वस्तऱ्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु चांगला नवा वस्तरा काही हजार रुपयांखाली मिळत नाही आणि चारपाचशे रुपयांत मिळणारे चकचकीत वस्तरे बहुधा शोभेचे असतात, त्यांना नीट धार धरत नाही. आजोबांचा जुना वस्तरा घरात सापडला तर तो आठवण म्हणून जपावा. त्यावर गंज असेल किंवा धारेला दात पडले असतील तर जाणकाराने पाजळून दिल्याखेरीज तो त्वचेला लावू नये.

आधी हे वाचावे : वस्तरा कोणासाठी नाही

वस्तऱ्याला संरक्षक जाळी नसते. चूक झाली तर ती थेट त्वचेवर उमटते. म्हणून पुढील व्यक्तींनी वस्तरा वापरू नये आणि त्यांच्यावर इतरांनीही वापरू नये.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या व्यक्ती. वॉर्फरिन, क्लोपिडोग्रेल आणि त्या वर्गातील इतर औषधे घेणाऱ्यांचे रक्त लवकर थांबत नाही. रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

प्लेटलेट्स कमी असलेल्या किंवा कर्करोगावरील केमोथेरपी चालू असलेल्या व्यक्ती.

मधुमेह आटोक्यात नसलेल्या व्यक्ती. त्यांच्या लहानशा जखमेतही जंतुसंसर्ग लवकर होतो आणि ती भरून येण्यास वेळ लागतो.

कंपवात असलेल्या व्यक्ती. स्वतःच्या हाताला कंप असेल तर वस्तरा हाती घेऊ नयेच. मान किंवा हनुवटी थरथरत असेल तर दुसऱ्यानेही तो चालवू नये.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्ती. समोर पाते दिसताच त्या घाबरून अचानक मान वळवण्याचा किंवा हात धरण्याचा संभव असतो.

पक्षाघातानंतर चेहऱ्याच्या एका बाजूची संवेदना गेलेल्या व्यक्ती. कापले तरी त्यांना कळत नाही.

चेहऱ्यावर पुरळ, गळू, नागीण किंवा न भरलेली जखम असताना कोणीही दाढी करू नये. चामखीळ किंवा उंच तीळ असेल तर त्याच्या कडेकडेने जावे, वरून पाते नेऊ नये.

यांच्यापैकी बहुतेकांसाठी विजेवर किंवा बॅटरीवर चालणारे दाढीचे यंत्र अधिक सुरक्षित ठरते. वस्तरा सोडून द्यावा लागला म्हणून दाढीचा सोहळा सोडावा लागत नाही. त्याविषयी शेवटी सांगतो.

खर्चाचा हिशेब

साहित्यासाठी मी उल्हासनगरच्या बाजारात गेलो. केशकर्तनालयांना माल पुरवणाऱ्या दुकानात उभा राहिलो तेव्हा दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारले, “साहेब, दुकान काढताय का?” वडिलांची दाढी करायची आहे, असे सांगताच त्याने काउंटरवरचे दोन वस्तरे मागे सारले आणि आतून तिसरा काढला. “हा घ्या. जरा जड आहे, पण हातात हलत नाही,” तो म्हणाला. त्याचा सल्ला पुढे खरा ठरला.

भाव दुकानागणिक व काळानुसार बदलतात, तरी अंदाज यावा म्हणून सांगतो. अर्धे पाते बसणारा स्टीलचा वस्तरा साधारण शंभर ते अडीचशे रुपयांत मिळतो. दुधारी पाते दोनपासून सहा रुपयांपर्यंत पडते आणि एका पात्यात दोन दाढ्या होतात. साधा ब्रश शंभर-दीडशेचा, दाढीचा साबण किंवा क्रीम पन्नास ते शंभरचे, तुरटीचा खडा तीसचाळीस रुपयांचा. फेस करण्यास घरातली स्टीलची वाटी पुरते. पाचशे-सहाशे रुपयांत सारे साहित्य घरी येते. पुढे आठवड्यातून दोनदा दाढी केली तरी महिन्याला चार पाती लागतात, म्हणजे फार तर पंचवीस रुपये. आमच्या भागात घरी येऊन दाढी करण्याचे दीडशे-दोनशे रुपये एका वेळेस सांगितले जातात.

काटकसर कोठे करू नये, तेही ध्यानात ठेवावे. पाते जुने वापरू नये. बोथट पाते जास्त कापते, कारण आपण नकळत त्याला जोर देतो. वस्तऱ्याचे बिजागर सैल असेल किंवा पाते बसवल्यावर हलत असेल, तर तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. ब्रश, साबण व तुरटी मात्र साधी चालतात.

आधी फुग्यावर, मग स्वतःवर

वस्तरा आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी अण्णा गॅलरीत खुर्ची टाकून बसले. त्यांना मी चक्क परत पाठवले. ज्याला स्वतःच्या गालावर पाते चालवता येत नाही, त्याने ते दुसऱ्याच्या गालावर नेऊ नये.

केशकर्तनाचे शिक्षण घेणारे विद्यार्थी फुगवलेल्या फुग्यावर साबणाचा फेस लावून तो वस्तऱ्याने काढण्याचा सराव करतात. मीही तेच केले. पहिल्या संध्याकाळी चार फुगे फुटले आणि नातवंडांची करमणूक झाली. फुगा फुटतो तो दोन कारणांनी. एक, पाते फार उभे धरले जाते. दुसरे, हात दाबला जातो. गाल कापतो तोही याच दोन कारणांनी.

त्यानंतर स्वतःची दाढी. पहिले दोन आठवडे वस्तरा केवळ दोन्ही गालांच्या सपाट भागावर चालवावा आणि उरलेली दाढी आपल्या नेहमीच्या रेझरने करावी. तिसऱ्या आठवड्यापासून जबड्याखालचा भाग घ्यावा, मग गळा, आणि हनुवटी व वरचा ओठ अगदी शेवटी. मी चौथ्याच दिवशी घाई करून हनुवटीवर गेलो आणि कामावर जाताना चिकटपट्टी लावून गेलो. डब्यात भेटलेल्या स्नेह्यांना अंबरनाथपासून कारण पुरले ते दादरपर्यंत.

प्रत्यक्ष कृती

चेहरा कोमट पाण्याने धुवावा. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल दोन-तीन मिनिटे गालांवर ठेवावा. केस पाणी शोषून मऊ होतात आणि पात्याला कमी विरोध करतात. वृद्धांच्या बाबतीत टॉवेल आधी आपल्या मनगटावर लावून पाहावा, कारण त्यांची त्वचा पातळ असते व लवकर भाजते. मग ब्रशने गोल गोल फिरवत दाट फेस लावावा आणि मिनिटभर थांबावे.

पाते कागदी वेष्टनात असतानाच मधोमध वाकवून त्याचे दोन भाग करावेत, म्हणजे बोटांना धार लागत नाही. अर्धा भाग बसवून झाकण घट्ट झाल्याची खात्री करावी.

वस्तऱ्याचे पाते त्वचेशी सुमारे तीस अंशांचा कोन करील असे धरावे. पाते गालावर आडवे टेकवून पाठीकडची बाजू किंचित उचलली की हा कोन साधतो. दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्वचा वरच्या दिशेला ताणून धरावी. साऱ्या कृतीचे मर्म येथे आहे. वयोमानाने सैल झालेली त्वचा ताणली नाही तर ती पात्यापुढे गोळा होते आणि कापते. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, बोटाच्या दोन पेरांइतके आखूड हात फिरवावेत. जोर देऊ नये, वस्तऱ्याचे वजन पुरेसे असते. पाते कधीही आडवे सरकवू नये. कोरड्या झालेल्या जागी पुन्हा फेस लावूनच पाते न्यावे.

उलटी दाढी करून गाल काचेसारखा करण्याचा हट्ट नवशिक्याने आणि वृद्धाने दोघांनीही सोडावा. त्याने केस त्वचेत वळतात, पुटकुळ्या येतात. एका सुलट्या हातात ऐंशी टक्के काम झाले तरी चेहरा स्वच्छ दिसतो.

शेवटी थंड पाण्याने धुऊन ओली तुरटी फिरवावी, मिनिटभराने पुन्हा धुवावे आणि हलक्या हाताने टिपावे. त्वचा कोरडी पडत असेल तर थोडे खोबरेल तेल किंवा सौम्य क्रीम लावावे.

दुसऱ्याची दाढी करताना

दोन महिन्यांनी मी अण्णांना गॅलरीत बसवले. त्या दिवसापासून शिकलेल्या काही गोष्टी काळजीवाहकांसाठी.

आधी विचारावे. “आज करू या का दाढी?” हा प्रश्न वगळू नये. ज्यांच्या आयुष्यातील बहुतेक निर्णय आता इतर घेतात, त्यांना हा एक तरी स्वतः घेऊ द्यावा. नाही म्हणाले तर ती ‘नाही’ मानावी.

कवळी असेल तर ती तोंडात असू द्यावी. ती काढली की गाल आत ओढले जातात, खळगे पडतात आणि पाते तेथे अडते.

खुर्चीला हात व उंच पाठ असावी, डोक्यामागे उशी असावी. प्रकाश समोरून यावा. करणाऱ्याने चष्मा लावावा आणि दाराला कडी घालावी. लहान मुले, घरातले मांजर आणि मोबाइल यांना त्या अर्ध्या तासापुरते दूर ठेवावे.

प्रत्येक हालचालीआधी सांगावे. “आता गळा,” “आता मान थोडी उजवीकडे.” पाते त्वचेवर असताना त्यांना बोलते करू नये. खोकला किंवा शिंक येईल असे वाटल्यास त्यांनी हात वर करावा, अशी खूण ठरवून ठेवावी. खूण दिसताच पाते प्रथम दूर न्यावे.

मान फार मागे झुकवू नये, पुष्कळ वृद्धांना त्याने घेरी येते. गळ्याचा भाग अवघड वाटला तर तेथे साधा रेझर घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

कापले तर

घाबरू नये, रुग्णालाही घाबरवू नये. स्वच्छ कापडाने जखम दाबून धरावी आणि घड्याळ लावून दहा मिनिटे कापड उचलू नये. मधेमधे उचलून पाहिले की धरलेली गुठळी सुटते. बारीक ओरखड्याला तुरटी पुरते. दहा मिनिटांच्या दाबानंतरही रक्त वाहत असेल, जखम खोल असेल, किंवा पुढील दोन-तीन दिवसांत लाली, सूज, पू अथवा ताप दिसला तर डॉक्टरांकडे जावे. धनुर्वाताच्या लशीची मात्रा दहा वर्षांत झालेली नसेल तर तेही डॉक्टरांना सांगावे.

स्वच्छता हा शिष्टाचार नव्हे, उपचार आहे

दाढीच्या पात्यावर डोळ्यांना न दिसणारे रक्त राहते. कावीळ ब आणि क यांचे विषाणू अशा रक्तातून एकाच्या शरीरातून दुसऱ्याच्या शरीरात जाऊ शकतात. ब प्रकारचा विषाणू तर शरीराबाहेर किमान सात दिवस टिकून राहतो. म्हणून बापलेकांनीही एक पाते वापरू नये. आमच्या घरी दोन वस्तरे, दोन ब्रश आणि तुरटीचे दोन खडे आहेत, त्यांच्या डब्यांवर नावे आहेत. दुकानात दाढी करून घेणाऱ्यांनी नवे पाते आपल्या डोळ्यांसमोर उघडण्यास सांगावे. चांगला कारागीर त्याचा राग मानत नाही.

दाढी झाल्यावर पाते काढून वस्तरा साबणाच्या पाण्याने धुवावा, कोरडा करावा आणि स्पिरिटने पुसावा. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीही घाम गाळतात, त्यामुळे तो न्हाणीघरात ठेवू नये. पारंपरिक वस्तऱ्याच्या पात्याला शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा. वस्तरा मुलांच्या आणि गोंधळलेल्या वृद्धांच्या हाती लागणार नाही अशा जागी, कुलपात ठेवावा.

वापरलेली पाती कचऱ्याच्या पिशवीत टाकणे हा अपराध मानावा. घंटागाडीवरील कामगार तो कचरा हातांनी वेगळा करतात. पत्र्याच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून त्यात पाती साठवावीत. डबा भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून त्यावर ‘धारदार पाती’ असे ठळक लिहावे आणि तो कामगाराच्या हाती सांगून द्यावा.

वस्तरा खाली ठेवण्याची वेळ

मुंबईतील नाभिकांनी 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला होता. वस्तरा चालवणाऱ्या हातांना तो कधी चालवू नये हेही कळले पाहिजे, याचा तो थोर दाखला. आमच्या घरी ती वेळ फार साध्या रूपात आली.

गेल्या श्रावणात अण्णांच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले आणि डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली. मी वस्तऱ्याविषयी विचारले. डॉक्टरांनी एका वाक्यात नकार दिला. घरी येऊन हे सांगताच अण्णा म्हणाले, “मग राहू दे दाढी.” पुढचे दहा दिवस ते खरोखर तसेच राहिले.

अकराव्या दिवशी मी ओल्या त्वचेवर, फेसातही चालणारे बॅटरीचे यंत्र आणले. वस्तऱ्याच्या साऱ्या साहित्याहून त्याची किंमत कितीतरी अधिक पडली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण गॅलरीतली खुर्ची तीच ठेवली. तांब्या तोच, पंचा तोच, गरम टॉवेल तोच. ब्रशने नेहमीसारखा दाट फेस केला. बोटांनी त्वचा ताणली आणि यंत्र चालू केले. त्याच्या घरघरीने अण्णांच्या कपाळाला आठी पडली. डोळे मात्र त्यांनी मिटून घेतले.

तुरटी फिरवून झाल्यावर त्यांनी गालावरून हात फिरवला, जबड्याखाली चाचपून पाहिले. कारखान्यात सुटा भाग तपासताना ते असेच हात फिरवत असावेत.

“धार बरी आहे,” ते म्हणाले. “पुढच्या रविवारी फेस जरा आणखी दाट कर.”

माझा वस्तरा मी स्वतःसाठी ठेवला आहे. त्यांचा धुऊन, पुसून, पाते काढून कपाटात ठेवला आहे. रविवारी साडेआठला अण्णा अजूनही आधीच खुर्ची टाकून बसलेले असतात.